साक्ष त्यांची, निवाडा कुणाचा?

२०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात हॅलाँग नावाच्या टायफूनचे अवशेष पॅसिफिक महासागर ओलांडून अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळले. किपनुक आणि क्विगिलिंगॉक ही युपिक लोकांची दोन गावे पाण्याखाली गेली. घरे पायावरून सुटून होड्यांसारखी वाहत गेली आणि त्यांतल्या काही घरांत माणसे होती. जीवितहानी झाली, आणि आसपासच्या गावांतल्या हजाराहून अधिक लोकांना विमानांतून शेकडो मैल दूर हलवावे लागले. आपल्याकडे ही बातमी फार कुणाच्या नजरेस पडली असेल असे वाटत नाही. अलास्का दूर आहे, आणि आपल्याकडेही पुरांची उणीव नाही.

पण या बातमीच्या मागे दोन छोट्या गोष्टी आहेत आणि त्या मला पुरापेक्षा अधिक बोलक्या वाटतात. किपनुकच्या मूलनिवासी परिषदेला नदीकाठाची धूप थोपवण्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने सुमारे दोन कोटी डॉलरचे अनुदान मंजूर केले होते. २०२५ च्या मे महिन्यात, पुराच्या पाच महिने आधी, ते रद्द झाले. ते मिळाले असते तरी एवढ्या अवधीत काम उभे राहून गाव वाचले असते असे नाही, आणि तसा दावा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. दुसरी गोष्ट अशी की त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, माणसे कमी पडतात म्हणून, पश्चिम अलास्कातल्या कॉट्झेब्यू येथून रोज सोडले जाणारे हवामानाचे फुगे थांबवण्यात आले होते. म्हणजे काठ खचतो आहे हे सांगणाऱ्या गावाचा हात सोडला, आणि आकाशाकडे पाहणारा सरकारी डोळाही अर्धवट मिटला.

या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. निसर्ग बदलतो आहे याची पहिली साक्ष कुणाची धरायची? उपग्रहाची, प्रयोगशाळेची, की त्या बर्फावर रोज पाय ठेवणाऱ्या माणसाची? आणि साक्ष धरली, तरी निवाडा कुणी द्यायचा?

‘एस्किमो’ हा शब्द आणि त्यामागची माणसे

आपल्या शाळेच्या भूगोलात ध्रुवाकडचा माणूस एका चित्रापुरता होता. बर्फाचे घुमटाकार घर, केसाळ कपडे, कुत्र्यांची गाडी आणि खाली ‘एस्किमो’ असा शब्द. परीक्षेत दोन गुणांना एवढे पुरत असे. वस्तुतः त्या उत्तरेत अनेक समाज आहेत. रशियाच्या चुकोत्कापासून अलास्का, कॅनडा आणि ग्रीनलंडपर्यंत पसरलेले सुमारे एक लाख ऐंशी हजार इनुइट आणि त्यांचे भाऊबंद, स्कँडिनेव्हियातले सामी, सैबेरियातले नेनेट्स आणि इतर रेनडियरपालक. इनुइट या शब्दाचा अर्थ नुसता ‘माणसे’ असा आहे. कॅनडातले इनुइट ‘एस्किमो’ हे बाहेरच्यांनी दिलेले नाव अपमानाचे मानतात.

ही माणसे जिथे राहतात तो भाग बाकी पृथ्वीपेक्षा कितीतरी वेगाने तापतो आहे. १९७९ पासूनच्या नोंदी घेऊन २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हा वेग जागतिक सरासरीच्या जवळजवळ चौपट असल्याचे दाखवले. २०१२ च्या सप्टेंबरात उत्तर ध्रुवसमुद्रावरचा बर्फ आक्रसून सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला. उपग्रहांच्या नोंदी सुरू झाल्यापासूनचा हा नीचांक आहे. हे आकडे आता सर्वांना ठाऊक होत चालले आहेत. पण हे आकडे छापून येण्याच्या आधीच त्या गावांतून काही गोष्टी ऐकू येऊ लागल्या होत्या. कॅनडाच्या पश्चिम टोकाला बँक्स बेटावर सॅक्स हार्बर नावाचे एक चिमुकले गाव आहे. १९९९ आणि २००० या वर्षांत तिथल्या लोकांनी संशोधकांच्या मदतीने आपल्या डोळ्यांसमोरचे बदल चित्रफितीवर नोंदवले. वाऱ्यावादळाची वेळ बदलली आहे, जमीन खचते आहे, जाळ्यात पूर्वी न दिसणारे पॅसिफिकमधले सामन मासे येत आहेत, रॉबिन पक्षी दिसू लागले आहेत आणि आकाशात मेघगर्जना ऐकू येते आहे. आपल्याला गडगडाटाचे नवल नाही. पण म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही ज्याचा आवाज क्वचितच ऐकला, त्या गावाला तो गडगडाट म्हणजे मोठीच बातमी होती.

इनुक्तितूत भाषेत ‘उग्गियानाक्तुक’ असा एक शब्द आहे. ओळखीचा माणूस अचानक अनोळख्यासारखा वागू लागला की हा शब्द वापरतात. पूर्व कॅनडातल्या वडीलधाऱ्यांनी तो हवामानाला लावला. आपल्या तापमानवाढीच्या सगळ्या चर्चेत इतके नेमके वर्णन मला दुसरे आढळलेले नाही. हवामान गरम झाले असे ते म्हणत नाहीत. आमचा स्नेही परका झाला, त्याच्या स्वभावाचा भरवसा उरला नाही, असे ते म्हणतात. बर्फावरून प्रवास करणाऱ्याच्या दृष्टीने सरासरी तापमानापेक्षा हा भरवसाच महत्त्वाचा असतो.

अविश्वासाचा इतिहास

अशी साक्ष बाजूला सारण्याची परंपरा मोठी आहे. १८४५ साली सर जॉन फ्रँकलिन दोन जहाजे आणि १२९ माणसे घेऊन वायव्य मार्ग शोधायला निघाले. त्यांतले एकही माणूस परत आले नाही. १८५४ साली जॉन रे या डॉक्टर-प्रवाशाने इनुइटांकडून ऐकलेली हकिकत लंडनला कळवली. जहाजे बर्फात अडकली, माणसे उपासमारीने मेली आणि शेवटी शेवटी त्यांनी मृत सहकाऱ्यांचे मांस खाल्ले, अशी ती हकिकत होती. लंडन हादरले. चार्ल्स डिकन्ससारख्या लेखकाने आपल्या साप्ताहिकात लेख लिहून ही साक्षच धुडकावली. रानटी लोकांच्या सांगण्यावर सभ्य इंग्रज दर्यावर्दींची बदनामी होऊ द्यायची नाही, असा त्याचा एकूण सूर होता. गरिबांच्या दुःखाची एवढी जाण असलेल्या माणसाला या गरिबांचा शब्द मात्र खरा वाटला नाही.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. फ्रँकलिनच्या माणसांच्या सापडलेल्या हाडांवर सुरीच्या खुणा आढळल्याचे १९९७ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. ‘एरेबस’ हे जहाज २०१४ च्या सप्टेंबरात सापडले, तेही इनुइटांच्या तोंडी परंपरेने ज्या भागाकडे बोट दाखवले होते त्याच भागात. ‘टेरर’ हे दुसरे जहाज २०१६ मध्ये सापडले. एका इनुइट शिकाऱ्याने बर्फातून वर आलेले डोलकाठीसारखे लाकूड पाहिल्याचे सांगितले आणि शोधनौका तिकडे वळली. जोआ हेवन गावचे इतिहासकार लुई कामूकाक यांनी या मौखिक हकिकती तीस वर्षांहून अधिक काळ गोळा केल्या होत्या. २०१८ मध्ये ते वारले. दोन्ही जहाजे सापडलेली त्यांनी पाहिली, हे एक समाधान. पण ज्या प्रश्नाचे उत्तर १८५४ साली सांगितले गेले होते, ते मान्य व्हायला दीड शतकाहून अधिक काळ गेला.

कुणी म्हणेल, हा इतिहास झाला, आता काळ बदलला. म्हणून अलीकडचे एक उदाहरण घेऊ. माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली त्यातच आहे.

बर्फाखालचे देवमासे

अलास्काच्या उत्तर टोकावरचे बॅरो हे इनुपियाट लोकांचे गाव. २०१६ मध्ये गावकऱ्यांनी मतदान करून त्याचे जुने नाव, उटकियाग्विक, परत आणले. इथल्या लोकांचे जगणे बोहेड नावाच्या प्रचंड देवमाशाभोवती बांधलेले आहे. वसंतात बर्फाला भेग पडून पाण्याची जी वाट तयार होते, तिच्या काठावर कातड्याच्या होड्या घेऊन ते थांबतात. मिळालेल्या माशाचे गावभर वाटप होते. विमानाने येणाऱ्या किराणा मालाचे भाव जिथे आकाशाला भिडलेले असतात, तिथे ही वाटणी म्हणजे अन्नही असते आणि समाजाची वीणही.

१९७७ साली आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाने ही शिकार पूर्ण बंद करण्याचा ठराव केला. बोहेड जेमतेम सहाशे ते दोन हजार उरले आहेत, असा त्या वेळचा अंदाज होता. बाहेरून पाहणाऱ्याला हा निर्णय योग्यच वाटला असता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी व्यापारी जहाजांनी या माशांची कत्तल केली होतीच. गंमत अशी की त्या कत्तलीची शिक्षा आता होडीतून शिकार करणाऱ्यांना मिळत होती.

इनुपियाट शिकाऱ्यांचे म्हणणे सरळ होते. तुमची मोजणी चुकली आहे. शास्त्रज्ञ बर्फाच्या कडेवर उंच जागी बसून समोरच्या पाण्यात दिसणारे मासे मोजत. पाण्याची वाट बर्फाने बंद झाली की मासे येत नाहीत असे ते धरून चालत. शिकारी सांगत होते की बोहेड बर्फाला भीत नाही. तो बर्फाखालून पोहतो, डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतो. शिवाय सगळे मासे काठालगतच्या वाटेने जात नाहीत, दूरवरच्या बर्फातूनही जातात. म्हणजे दिसणारे मासे हा एकूण माशांचा एक भाग होता.

इथे दोन गोष्टी घडल्या आणि त्या दोन्ही आवश्यक होत्या. एक, शिकाऱ्यांनी त्याच १९७७ साली अलास्का एस्किमो देवमासे आयोग नावाची स्वतःची संस्था काढली. बंदी शिथिल होऊन १९७८ साठी १२ मासे आणण्याची किंवा १८ मासे घायाळ करण्याची मर्यादा ठरली. १९८१ मध्ये या संस्थेने अमेरिकी सरकारच्या सागरी खात्याशी करार करून शिकारीवरची देखरेख आपल्याकडे घेतली. दुसरी गोष्ट, तिथल्या स्थानिक शासनाने, नॉर्थ स्लोप बरोने, स्वतःच्या पैशाने शास्त्रज्ञ नेमले. त्यांतले टॉम अल्बर्ट हे हॅरी ब्रॉवर या ज्येष्ठ इनुपियाट शिकाऱ्याजवळ बसून माशांचे वागणे समजून घेत. मग ते सांगणे तपासायचे कसे, याचा त्यांनी विचार केला. पाण्यात ध्वनिग्राहक सोडले गेले. बर्फाखालून जाणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या माशांचे आवाज नोंदले गेले. विमानातूनही पाहणी झाली. शिकारी म्हणत होते ते खरे ठरले. १९९३ च्या मोजणीत बोहेडची संख्या आठ हजारांच्या आसपास निघाली आणि २०११ च्या मोजणीत जवळजवळ सतरा हजार. यातली काही वाढ खरोखरची आहे, कारण व्यापारी शिकार थांबल्यावर मासे वाढतच होते. पण पहिला अंदाज फारच तोकडा होता, हे नंतर कुणी नाकारले नाही.

या कथेचे तात्पर्य ‘परंपरेने विज्ञानाला हरवले’ असे काढण्याचा मोह होतो. ते खोटे आहे. शिकाऱ्यांना मासे कुठून जातात हे माहीत होते, एकूण किती आहेत हे त्यांनाही आकड्यात सांगता येत नव्हते. तो आकडा ध्वनिग्राहकांनी आणि गणिताने दिला. निरीक्षणाने विज्ञानाला प्रश्न दिला, विज्ञानाने त्याचे उत्तर शोधले. मात्र हे घडले कशामुळे? शिकाऱ्यांजवळ संघटना होती, स्थानिक शासन त्यांच्या हातात होते आणि प्रुडो बे येथील तेलावरच्या करातून त्या शासनाकडे पैसा होता. साक्षीला सत्तेचा आधार होता म्हणून ती ऐकली गेली. ज्यांच्याकडे हे तिन्ही नसते त्यांचे काय होते, हे पुढे पाहू.

उपग्रहाला न दिसणारी भेग

मध्यंतरी ‘उपग्रह असताना माणसांना विचारण्याची गरज काय’ असा प्रश्न एका शिकल्यासवरल्या स्नेह्याने मला विचारला. प्रश्न रास्त आहे. समुद्रबर्फाची १९७९ पासूनची जी सलग नोंद आपण उद्धृत करतो, ती ज्या जाळीवर मांडलेली असते तिचा एक चौकोन साधारण २५ किलोमीटरचा असतो. संपूर्ण ध्रुवसमुद्राचा ताळेबंद मांडायला तो उत्तम. पण मुलाला मागे बसवून बर्फावरून गाडी नेणाऱ्या बापाला तो निरुपयोगी. त्याला या खाडीच्या तोंडाशी आज सकाळी बर्फ किती जाड आहे, हे हवे असते. बर्फाचा रंग, त्यावरचे हिम, भाल्याच्या टोकाखाली येणारा आवाज, कालचा वारा, भरतीची वेळ या सगळ्यांतून तो ते ओळखतो. किंबहुना ओळखत असे. आता पूर्वीच्या खुणा दगा देऊ लागल्या आहेत, आणि माहीतगार माणसेच बर्फात जाऊ लागली आहेत.

कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्यावर २००९-१० चा हिवाळा असा विचित्र उबदार गेला की समुद्रावर धड बर्फच धरला नाही. त्यातून नेन या गावी मेमोरियल विद्यापीठाचे ट्रेव्हर बेल आणि स्थानिक इनुइट यांनी मिळून ‘स्मार्टआइस’ हा उपक्रम उभा केला. बर्फावरच्या लाकडी घसरगाडीला, जिला ते ‘कामुतिक’ म्हणतात, बर्फाची जाडी मोजणारे यंत्र लावायचे. गावातल्याच तरुणांना ते चालवायला शिकवायचे. कुठे मोजायचे आणि नकाशा कुणाला दाखवायचा हे गावाने ठरवायचे. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी या उपक्रमाचा गौरव केला. इथे यंत्र आहे, विद्यापीठ आहे, पण पाटलाचे घोडे आणि महाराला भूषण असा प्रकार नाही. घोडे ज्याचे, लगामही त्याच्याच हातात आहे.

हडसन उपसागरातल्या बेल्चर बेटांवरचे सानिकिलुआक हे गाव आणखी एक पाऊल पुढे गेले. या बेटांजवळ कडाक्याच्या थंडीतही प्रवाहामुळे न गोठणारे पाण्याचे तुकडे असतात. आयडर जातीची बदके हिवाळाभर तिथेच बुड्या मारून खातात आणि त्यांच्या पिसांवर गावाचे ऊबदार कपडे अवलंबून असतात. १९९१-९२ च्या हिवाळ्यात हे पाणीच गोठले आणि बदके मोठ्या संख्येने मेली. गावकऱ्यांचे बोट जेम्स उपसागराकडच्या जलविद्युत प्रकल्पांकडे होते. धरणांत उन्हाळ्यातले पाणी साठवतात आणि दक्षिणेकडच्या शहरांना उबेसाठी वीज लागते तेव्हा, म्हणजे ऐन हिवाळ्यात, सोडतात. गोडे पाणी खाऱ्यावर तरंगते आणि लवकर गोठते. हडसन आणि जेम्स उपसागरांभोवतीच्या २८ वस्त्यांतल्या इनुइट आणि क्री लोकांची अशी निरीक्षणे एकत्र करून १९९७ मध्ये एक ग्रंथ निघाला. एका गावाला जो फरक ‘यंदा असे झाले’ एवढाच वाटत होता, तो २८ गावांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर नकाशासारखा उमटला. पुढे याच बेटांवरून उभ्या राहिलेल्या आर्क्टिक आयडर सोसायटीने २०१९ मध्ये ‘सिकू’ नावाची मोबाइलवरची व्यवस्था सुरू केली. सिकू म्हणजे समुद्रबर्फ. शिकारी तिच्यात बर्फाचे फोटो, प्राण्यांच्या पोटात सापडलेले अन्न, धोक्याच्या जागा नोंदवतो. शब्द त्याच्या भाषेतले असतात आणि नोंदीची मालकी त्याच्याकडे राहते. या शेवटच्या कलमाला माझ्या मते सर्वांत अधिक महत्त्व आहे.

दोन्ही खरे असू शकते

आता दुसरी बाजू. गावाने सांगितले म्हणून ते खरेच, असे मानणे हाही एक आळस आहे. ध्रुवीय अस्वलांचा वाद याचे उत्तम उदाहरण. पश्चिम हडसन उपसागरातली अस्वले कमी होत आहेत असे शास्त्रज्ञ गेली दोन दशके सांगत आहेत. नुनावुतमधल्या गावांचे म्हणणे, अस्वले वाढली आहेत, ती आता दारापर्यंत येतात, मुलांना एकटे सोडण्याची सोय नाही. हवाई पाहणीचे आकडे २०१६ मध्ये ८४२ आणि २०२१ मध्ये ६१८ असे आले. मग गावकरी चुकले का? बर्फ लवकर वितळला की अस्वलाला सील मिळत नाही, ते किनाऱ्यावर अधिक दिवस काढते आणि वासावर गावात येते. संख्या घटत असताना भेटी वाढू शकतात. भेटीचे निरीक्षण शंभर टक्के खरे, त्यावरून काढलेला संख्येचा निष्कर्ष वादग्रस्त. उलट बाजूने, शेजारच्या दक्षिण हडसन भागात त्याच काळात अस्वले अधिक मोजली गेली. म्हणजे काही अस्वले हद्द ओलांडून गेली असण्याची शक्यता शास्त्रज्ञांनाही विचारात घ्यावी लागली. अस्वलाला कागदावरची हद्द ठाऊक नसते, हे शिकारी सांगतच होते.

आणखी एक चमत्कारिक उदाहरण आहे. अनेक गावांतल्या वृद्धांनी सांगितले की सूर्य पूर्वीच्या जागी उगवत-मावळत नाही, जणू पृथ्वीच कलली आहे. झकरायस कुनुक आणि इयन मॉरो यांच्या २०१० च्या माहितीपटात ही साक्ष आहे. पृथ्वीचा आस असा कललेला नाही, हे उघड आहे. पण क्षितिजाजवळच्या हवेच्या थरांचे तापमान बदलले की प्रकाश वाकतो आणि सूर्य भलत्या जागी दिसतो, हे भौतिकशास्त्राला जुने ठाऊक आहे. आयुष्यभर त्याच टेकडीवर सूर्य पाहणाऱ्याने फरक टिपला, कारण वेगळे लावले. अशा वेळी हसून सोडून देणारा शास्त्रज्ञ एक धागा गमावतो, आणि भाबडेपणाने माना डोलावणाराही तोच धागा गमावतो. साक्षीदाराला उलट प्रश्न विचारणे हा त्याचा अपमान नव्हे. त्याला न विचारणे हा अपमान.

साक्षीदाराचे हक्क

तेव्हा प्रश्न ज्ञानाचा आहे तितकाच अधिकाराचा आहे. अलीकडे प्रत्येक आंतरराष्ट्रीय अहवालात ‘पारंपरिक ज्ञाना’ला एक परिच्छेद मिळतो. मला या कौतुकाची थोडी धास्ती वाटते. माणसाला बिनपगारी थर्मामीटर करून टाकण्याचाही हा एक मार्ग आहे. तुम्ही बघा, सांगा, आम्ही लिहू, ठरवणारे तिसरेच. २००५ च्या डिसेंबरात शीला वॉट-क्लुटिए यांनी ६२ इनुइटांसह अमेरिकी खंडांच्या मानवी हक्क आयोगाकडे अर्ज केला. अमेरिकेच्या प्रदूषणाने आमचा बर्फ जातो आहे आणि त्याबरोबर आमचे हक्क जात आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. अर्जाचा आधार होता गावागावांतली हीच निरीक्षणे. २००६ मध्ये आयोगाने अर्ज पुढे चालवण्यास नकार दिला. साक्ष ऐकायला कुणाची हरकत नव्हती, ती दाव्यात रूपांतरित होताच दार बंद झाले. त्यानंतर २०१८ मध्ये कॅनडातल्या इनुइटांच्या राष्ट्रीय संघटनेने संशोधनाविषयी स्वतःचे धोरणच जाहीर केले. आमच्या भूमीत काय संशोधन व्हावे, पैसा कुणाला मिळावा, माहिती कुणाची, यात आमचा शब्द हवा, अशी ती मागणी आहे.

रशियात चित्र याहून काळे आहे. यमाल द्वीपकल्पात २०१३ च्या नोव्हेंबरात हिमावर पाऊस पडला, वर बर्फाचे कवच धरले आणि खालचे खाद्य न मिळून ६१ हजार रेनडियर उपाशी मेले. नेनेट्स पशुपालकांना अशा हिवाळ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची आठवण आहे. पण त्यांच्यासारख्या उत्तरेकडच्या लोकांच्या संघटनेला रशियन सरकारने २०१२ मध्ये काही काळ स्थगित केले होते. २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यावर पाश्चात्त्य देशांनी रशियाबरोबरचे संशोधन थांबवले. ध्रुवसमुद्राचा जवळजवळ अर्धा किनारा रशियाचा. तो भाग जगाच्या नोंदीतून धूसर झाला. तिथला पशुपालक आजही पाहतो आहे, लिहून घेणारा कुणी उरलेला नाही.

यात आपला संबंध काय? आहे, आणि तो गोव्यातून जातो. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र स्वालबार्डवरचे ‘हिमाद्री’ हे आपले ठाणे २००८ पासून चालवते. उत्तरेकडचा बर्फ आणि आपला मोसमी पाऊस यांच्यात नाते असावे, असे या केंद्राच्या शास्त्रज्ञांनी सुचवले आहे. २०१३ पासून भारत आर्क्टिक परिषदेत निरीक्षक आहे, आणि २०२२ मध्ये आपण ध्रुवधोरणही जाहीर केले. हे सारे स्वागतार्ह. पण स्वालबार्डवर मूळ रहिवासी कधी नव्हतेच. आपले शास्त्रज्ञ ध्रुवावर जातात तेव्हा त्यांना बर्फ भेटतो, माणूस भेटत नाही. आर्क्टिक परिषदेत मात्र इनुइट, सामी आदींच्या सहा संघटना कायम सहभागी म्हणून देशांच्या बरोबरीने बसतात, आणि निरीक्षक भारत त्यांच्या मागच्या रांगेत. त्या मागच्या रांगेतून ऐकण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या धोरणाने यंत्रे पाठवण्याइतकाच त्या सहा संघटनांशी बोलण्याचा कार्यक्रम आखला, तर मोसमी पावसाचा अभ्यासही अधिक समृद्ध होईल.

किपनुकचे लोक पुन्हा आपल्या जागी जातील, की गावच हलवावे लागेल, हे त्यांना ठरवू द्यावे. ठरवण्यासाठी लागणारे ज्ञान त्यांच्यापाशी आहे, उणीव आहे ती साधनांची आणि शब्दाला मान मिळण्याची. उटकियाग्विकच्या शिकाऱ्यांना संघटना, शासन आणि पैसा मिळाला तेव्हा त्यांची साक्ष शास्त्रालाही उपयोगी पडली. बाकीच्यांना ते मिळेपर्यंत जगाचे बर्फाविषयीचे ज्ञान अपुरेच राहील. बर्फ मात्र थांबणार नाही.